हिरव्या दुधाची संक्रांत

पेरू आले. म्हणजे शेजारच्या मंदाताईंनी बागेतली पहिली पाटी आमच्या दारात आणून ठेवली. आमच्या राहात्यात थंडी पडल्याचं आधी नाकाला कळतं. नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला पेरूवाल्यांच्या पाट्या लागतात, शिर्डीकडे निघालेल्या गाड्या थांबतात, काचा खाली होतात आणि तिखटमीठ लावलेली फोड हातात घेऊन परगावची माणसं ‘वा’ म्हणतात. मीही म्हणायचे. आता पाटी आली की मी ती उचलून मागच्या ओट्यावर नेते आणि वर गोणपाट टाकते. तरी वास घरात यायचा तो येतोच.

“अवो बाई, झाकून नगा ठिवू, नासत्याल,” मंदाताई कुंपणापलीकडून ओरडल्या. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यामुळे सगळी गल्ली मला अजून बाईच म्हणते. “आन् अनघा येनार का यंदा संक्रातीला?”

“बघू,” मी म्हटलं.

अनघा माझी मुलगी. एकुलती एक. गेल्या दोन संक्रांतींना ती आली नाही. यंदा येईल का, हे मला माहीत नाही आणि विचारायची हिंमत होत नाही. पस्तीस वर्षं वर्गात पोरींना हात वर करायला लावणारी बाई मी, आणि स्वतःच्या मुलीला फोनवर एक साधा प्रश्न मला विचारता येत नाही. दर रविवारी अकरा वाजता तिचा फोन येतो. बाबांच्या गोळ्या, माझे गुडघे, तिकडची हवा. नऊ-दहा मिनिटांत सगळं बोलून होतं.

फडताळात, हिंगाच्या डबीमागे, एक काळा पत्र्याचा डबा आहे. त्यात हिरवी पूड होती. होती म्हणजे अजून आहे, पण हिरवी राहिलेली नाही. सुकलेल्या शेवाळासारखा पिवळट रंग आलाय तिला. माचा म्हणतात त्याला. जपानी चहाच्या पानांची पूड. मी तो डबा टाकलेला नाही.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात अनघा आली ती सांगून आली नाही. दुपारी रिक्षा थांबली, आणि ही उतरली. एक बॅग, एक लॅपटॉप आणि एक पुठ्ठ्याचं खोकं. घर सोडून आलेली बाई बरोबर काय आणते? दागिने आणते, कागदपत्रं आणते. हिच्या खोक्यात काचेचे दोन उंच ग्लास, बांबूचा एक कुंचला, हा काळा डबा आणि रंगीत पाकिटं निघाली. एका पाकिटावर स्ट्रॉबेरी छापलेली, दुसऱ्यावर आंबा, तिसऱ्यावर मला न ओळखता आलेलं कुठलं तरी गुलाबी फळ. फळाच्या चवीचा माचा म्हणे. मी स्ट्रॉबेरीचं पाकीट हुंगून पाहिलं. सातवीतल्या मुलींकडे वासाची खोडरबरं असायची, तोच वास.

“हे काय आणलंस?” मी विचारलं.

“जे माझं होतं तेवढंच आणलं,” ती म्हणाली.

जावई मारत नव्हता. पीत नव्हता. तो बोलत नव्हता. रागावला की आठवडा, मग महिना, आणि शेवटी चार महिने त्या घरात हिच्याशी एक शब्द नाही. समोर ताट ठेवलं तर जेवायचा, नाही ठेवलं तर बाहेरून मागवायचा. हे तिनं मला दिवाणखान्यात बसून सांगितलं आणि मी काय म्हणाले? “बोलत नाही म्हणून कुणी घर सोडतं का?” हे वाक्य मी आजवर कितीतरी वेळा मनात खोडलं आहे. पण बोललेलं खोडता येत नाही.

पण तो काळ सगळाच वाईट होता असं म्हटलं तर तेही खोटंच होईल. आल्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशीची गोष्ट. सकाळी मी देव घासायला बसले होते. चिंच होती, पितांबरी होती, आणि बाळकृष्णाच्या मुकुटाच्या खाचेत जाईल असं काही सापडेना. ओट्यावर तो बांबूचा कुंचला दिसला. बारीक बारीक काड्यांचा, गोल, आतून पोकळ. मला वाटलं, बाटल्या धुवायचा असेल. त्यानं मी बाळकृष्ण घासला, अन्नपूर्णा घासली, समईसुद्धा घासून काढली. अनघा उठून आली तेव्हा तिचा कुंचला चिंचेच्या पाण्यात बुडालेला. ती बघतच राहिली. मग भिंतीला टेकून जी हसायला लागली, ती खाली बसली.

“आई, ती रवी आहे गं. माचा घुसळायची जपानी रवी!”

“मग रवीसारखी दिसायला नको?” मी म्हटलं, आणि मलाही हसू आवरेना. आमचे हे पाटबंधारे खात्यात कारकून होते, वर्षाकाठी मोजून चार वाक्यं बोलणारा माणूस. तेही पेपर बाजूला ठेवून म्हणाले, “देव मात्र चकचकीत झालेत.” या घरात आम्ही तिघं एकदम हसलो ती तेवढीच वेळ. तो कुंचला तिनं गरम पाण्यात उकळला आणि तोच वापरला.

मग दुपारी चारचा तिचा उद्योग सुरू झाला. पाकिटांतली फळं दोन दिवसांत संपली, आणि ती म्हणाली, पेरूच्या गावात खोडरबर कशाला प्यायचं? मंदाताईंच्या पाटीतले पिकून मऊ झालेले, आम्ही गाईला घालतो तसले पेरू ती निवडून घ्यायची. सालं काढायची, गर मिक्सरमधून फिरवायची, बिया निघेपर्यंत गाळणीवर चमच्यानं दाबत बसायची. त्यात गार दूध आणि थोडी साखर घालून पुन्हा मिक्सर. दुसऱ्या वाटीत हिरवी पूड चाळून घ्यायची, चमचाभर कोमट पाणी घालून रवीनं फेस येईपर्यंत घुसळायची. पाणी कडकडीत नको, पूड जळते आणि कडू होते, हे ती रोज सांगायची. मग उंच ग्लासात खाली पांढरं पेरूचं दूध आणि वरून हिरवी धार. धार हळूहळू खाली उतरायची. ती ग्लास उजेडात धरून ते बघत राहायची. तेवढा वेळ तिच्या कपाळावरची आठी जायची.

हे रोज एक ग्लास प्यायचे. “हिरवं दूध झालं का?” म्हणून स्वयंपाकघरात डोकवायचे. मी घोटभर घेऊन नाक मुरडायचे. पहिल्यांदा गवताचा वास यायचा, मग पेरू, मग घशाशी कडवटपणा राहायचा. “मेथी वाटून घातल्यासारखं लागतं,” मी म्हणायचे. खरं सांगायचं तर आठवडाभरात मला ते आवडायला लागलं होतं. पण तसं मी बोलले नाही. घरातल्या माणसाला चांगलं म्हणायचं नसतं, त्यानं शेफारतं, अशा समजुतीत माझी पिढी वाढली.

एके दिवशी ग्लास धुताना, पाठमोरीच, ती म्हणाली, “आई, माझं एकच काम कर. कुणी विचारलं तर सरळ सांग, अनघा परत आलीय म्हणून. मी प्रत्येकाला सांगत नाही बसणार. तू सांगितलंस की संपलं.”

“सांगेन गं. वेळ बघून सांगेन.”

वेळ मी बघितलीच नाही. गल्लीत मी सांगून टाकलं होतं, तिचं वर्क फ्रॉम होम आहे. करोनानंतर आमच्यासारख्यांची ही एक मोठी सोय झाली आहे. पोरगी लॅपटॉप घेऊन घरी बसली तर कुणी काही विचारत नाही. तिनं मंगळसूत्र काढून ठेवलं होतं, त्यावरही मी उत्तर तयार ठेवलं होतं: हल्ली मुली रोज घालत नाहीत.

संक्रांत आली. आमच्याकडचं हळदीकुंकू म्हणजे गल्लीतलं मोठं. भोगीला सुगडं आणली, ऊस, बोरं, हरभऱ्याचे घाटे, गाजरं भरली. त्या वर्षी वाण म्हणून मी स्टीलच्या चहाच्या गाळण्या आणल्या होत्या, चाळीस. अनघानं एक उचलली, बोटानं जाळी तपासली आणि म्हणाली, “माचा चाळायला एकदम बरोबर आहे. आई, मसाला दूध नको या वेळी. मी सगळ्यांना हे करते. पेरूचं.”

चाळीस बायकांचं! मला वाटलं, कामात राहील, बरं वाटेल तिला. हो म्हटलं. सकाळपासून ती पेरू सोलत होती. दुपारी न्हाऊन आली, हिरवी इरकल नेसली, केसात गजरा माळला. आरशात बघून मला विचारलं, “बरी दिसतेय ना?”

चांगली दिसत होती. मी घाबरले ते त्यामुळेच. बाहेर आली की बायका विचारणार, जावई कधी येणार, दागिना कुठंय, आणि मग माझ्या दिवाणखान्यात, माझ्या हळदीकुंकवाला... मी म्हटलं, “अनू, दोन तासांपुरतं मंगळसूत्र घालतेस का?”

ती आरशापासून वळली आणि स्वयंपाकघराकडे निघाली.

“नाहीतर मग आतच थांब. नाहीतरी ग्लास भरायला कुणीतरी हवंच ना.”

परत आलेल्या मुलीला कुंकू लावू नये असं मला कुणी सांगितलं नव्हतं. तसं कुठं लिहिलेलंही नाही. सासूबाई असत्या तर त्यांनीही कदाचित लावलं असतं. तो नियम मी केला, उभ्या उभ्या, स्वयंपाकघराच्या दारात. अनघानं गजरा काढला, ओट्यावर ठेवला आणि मिक्सर लावला.

बायका आल्या. अत्तर, गुलाबपाणी, हळद, कुंकू, ओटीत गाळणी. तिळगूळ घ्या, गोड बोला. ग्लास ट्रेमधून बाहेर यायचे, मी दारातून ट्रे घ्यायचे आणि फिरवायचे. आधी सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. मग एकीनं घोट घेतला, दुसरीनं घेतला, आणि बोलणी सुरू झाली. पेरूचं आहे का? हिरवं काय आहे? तुळस आहे का? साखर किती? मंदाताईंनी मिशीसारखा फेस पुसत मोठ्यांदा विचारलं, “बाई, लई भारी लागतंय वो! कुनी केलं ह्ये?”

नेमका त्याच वेळी आतला मिक्सर थांबला.

“मीच केलं,” मी म्हटलं. “मोबाईलवर बघून.”

का म्हटलं? अनघानं केलं म्हटलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, बोलवा की तिला बाहेर. एवढंच. एवढ्याशा गोष्टीसाठी. आणि तिथंही मी थांबले नाही. बायका म्हणाल्या, सांगा ना कसं केलं, आणि मी जन्माची शिक्षिका, कुणी विचारलं की मला उभं राहून सांगायलाच लागतं. दूध उकळून घ्यायचं, म्हटलं, त्या उकळीतच पूड टाकायची, चहासारखी, मग पेरूचा गर घालून एक उकळी आणायची. जे रोज माझ्या डोळ्यांसमोर होत होतं, ते मी कधी नीट बघितलंच नव्हतं. मिक्सर नंतर बराच वेळ सुरू झाला नाही.

निघताना मंदाताई रिकामा ग्लास ठेवायला सरळ आत गेल्या. आमच्याकडे आत जाताना त्या कधी विचारत नाहीत. मी मागोमाग धावले तोवर त्यांचा आवाज आलाच. “अगं बया, तू हितं व्हय? आन् भाईर का न्हाई आलीस?” अनघा म्हणाली, “काम होतं काकू.” मंदाताईंनी माझ्या हातातला करंडा घेतला, बोट बुडवलं आणि तिच्या कपाळाला कुंकू लावलं. हळदीचं बोटही लावलं. त्यांच्या लेखी त्यात काहीच नव्हतं. भाजी निवडावी तितक्या सहज त्या लावून गेल्या.

अनघानं खाली मान घालून नमस्कार केला. माझ्याकडे बघितलं नाही. मी करंडा परत घेतला आणि पाहुण्यांना पोचवायला बाहेर गेले.

पुढच्या आठवड्यात मंदाताई एक पातेलं घेऊन आल्या. आत हिरवा-पांढरा चोथा आणि खाली पाणी. “बाई, तुमी सांगितलं तस्सं केलं बगा. लेकाकडनं पूड मागवली, तुमच्याच गाळनीनं गाळली, आन् दूध पार फाटलं. वर कडू जहर. काय चुकलं माझं?”

मी तोंड उघडणार तोच अनघा लॅपटॉपवरून उठली. “काकू, आईच्या सांगण्यात गडबड झाली असेल. बायका खूप होत्या ना त्या दिवशी. दूध गारच घ्यायचं. पूड वेगळी घुसळायची.” आणि तिनं त्यांना समोर करून दाखवलं. पूड चाळली, पाणी कोमट केलं, रवी त्यांच्या हातात दिली. माझं खोटं तिनं इतकं अलगद झाकलं, की मला तिथं उभं राहवेना. ती त्या वेळी ओरडली असती, माझं नाव घेऊन चारचौघांत म्हणाली असती, की हिनं नाही, मी केलं होतं, तर मी तिला माफ केलं असतं आणि तिनंही मला केलं असतं. तिनं झाकलं. तेव्हाच मला समजायला हवं होतं की तिनं माझ्याकडून काही मागायचं सोडून दिलंय.

रथसप्तमीला हळदीकुंकवाचा हंगाम संपतो. दुसऱ्या दिवशी ती गेली. पुण्यात मैत्रिणीबरोबर खोली बघितली आहे म्हणाली. खोकं भरताना ग्लास घेतले, रवी घेतली. काळा डबा ओट्यावरच राहिला. मी मागून म्हटलं, “अनू, हे राहिलं.” ती म्हणाली, “असू दे. बाबांना करून देत जा.” यांनी तिची बॅग रिक्षापर्यंत नेली. जाताना ती माझ्या पाया पडली, आणि मी “सुखी राहा” म्हणाले, सगळ्यांना म्हणते तसं.

त्यानंतर तिचा घटस्फोट झाला, तो कागदावर झाला, आम्हाला फोनवर कळला. तिला नवी नोकरी लागली. आवाजावरून बरी वाटते. कधी कधी मागे बायकांचं हसणं ऐकू येतं, ती म्हणते, “एक मिनिट हं आई,” आणि त्यांच्याशी काही तरी बोलून परत येते. त्या एका मिनिटात ती जशी बोलते तशी माझ्याशी बोलत नाही. गोड बोलते ती. अगदी गोड. जावयाचं न बोलणं काय असेल, ते मला आता थोडं थोडं कळतं.

परवा कुंपणापाशी मी धीर करून मंदाताईंना म्हटलं, “यंदा हळदीकुंकवाला मी सगळ्यांना खरं काय ते सांगणार आहे. त्या वर्षी अनघा सासर सोडून आली होती. आणि ते दूध तिनं केलं होतं.”

मंदाताई पेरू पुसत होत्या. “अवो बाई,” त्या म्हणाल्या, “समद्यांना ठावं हुतं की तवाच. गल्लीत काय लपतं व्हय? आमी म्हनलं, बाईंला सांगायचं न्हाई, तर आपुन कशाला इचारा.” आणि मोठे दोन पेरू माझ्या हातात ठेवले.

म्हणजे त्या दिवशी दिवाणखान्यात बसलेल्या चाळीस जणींना माहीत होतं. त्या मला सांभाळून घेत होत्या. मी ज्यांच्यापासून लपवत होते त्यांच्यापासून काही लपलंच नव्हतं. फसवली गेली असेल तर ती एकटी पोर, जी भिंतीपलीकडे मिक्सरपाशी उभी होती. रात्रंदिवस मनात घोळतं ते एवढंच, की सगळं फुकट केलं मी.

आज रविवार. सकाळपासून मी ओट्याशी आहे. मंदाताईंच्या लेकाकडून नवी पूड मागवली, हिरवीगार. मऊ पेरू निवडले, गर काढला, बिया दाबून दाबून मनगट दुखलं. ती बांबूची रवी नाही, म्हणून ताकाच्या छोट्या रवीनं घुसळलं, तर पुडीच्या गुठळ्या झाल्या. तशीच धार ओतली. ती उतरली नाही, वरच तवंग धरून राहिली. हे डायनिंग टेबलाशी बसून वाट बघत होते. इतक्यात फोन आला.

गोळ्या झाल्या, गुडघे झाले, हवा झाली. मग मी एका दमात म्हटलं, “अनू, यंदा ये गं संक्रांतीला. तू बाहेर बस, माझ्याशेजारी. मी सगळ्यांसमोर तुला कुंकू लावणार आहे. आणि ते हिरवं दूध तू कर. तूच कर.”

तिच्याकडे कुणीतरी भांडी विसळत होतं.

“नको आई,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तोच तर नव्हता. “मला आता नाही यावंसं वाटत त्याला. तू कर की दूध.”

“मला नाही येत गं. आत्ताच केलं, गुठळ्या झाल्या.”

“येतं की,” अनघा म्हणाली. “त्या वर्षी तूच तर केलं होतंस.”

मी फोन कानालाच धरून होते. “ठेवू मग?” तिनं विचारलं, आणि मी हो म्हणेपर्यंत थांबून मगच ठेवला.

“काय म्हणाली?” यांनी टेबलावरून विचारलं. “येतेय ना?”

“सुट्टी मिळत नाही म्हणाली,” मी म्हटलं, आणि मिक्सर लावला.